प्री-मेड: मेजर कोणता घेतला, कोर्स कसे निवडले? (अनुभव धागा)

धाकटी ऑगस्टमध्ये कॉलेजला जातेय, इथेच अमेरिकेत. ठरलंय ते एवढंच की डॉक्टर व्हायचंय. आम्ही दोघं बारावीनंतर थेट एमबीबीएसला जाणारी मुलं बघत वाढलो. इथे आधी ४ वर्षांची पदवी, मग ४ वर्षं मेडिकल स्कूल, पुढे रेसिडेन्सी (हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण). 'प्री-मेड' (मेडिकलची पूर्वतयारी) नावाचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नसतोच, हे कळायला थोरल्याच्या वेळी आम्हाला वर्ष लागलं (तो शेवटी अकाउंटिंगकडे गेला, ते असो). यातून गेला असाल किंवा घरात पाहिलं असेल तर लिहा. सल्ले नकोत, काय घडलं ते सांगा.

कोथिंबीरवडी
माझं पहिलं सत्र: जनरल केमिस्ट्री, बायॉलॉजी, कॅल्क्युलस, फिजिक्स. चारही एकदम, कारण रूममेटने घेतले होते. केमिस्ट्रीत सी प्लस. पुढच्या वर्षी तोच कोर्स पुन्हा केला, ए मिळाला, कॉलेजने जुनी ग्रेड सरासरीतून काढूनही टाकली. मी निर्धास्त. पण मेडिकल स्कूलचे अर्ज ज्या अ‍ॅमकॅसमधून जातात, तिथे दोन्ही ग्रेड धरतात. शिवाय बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांची सरासरी वेगळी काढतात, त्यात तो सी प्लस आणखीच उठून दिसला. बाबा म्हणत होते, "एटीकेटी सुटली ना, मग कोण विचारतंय?" विचारतात हो बाबा! मुदतीत कोर्स सोडला असता तर गुणपत्रिकेवर नुसता 'डब्ल्यू' आला असता, सरासरीला धक्का नसता लागला. तेव्हा मात्र सोडणं म्हणजे नाक कापून घेणं वाटायचं.

घाटावरची
मेजर इतिहास. घरात आठवडाभर अबोला होता. बाबांना पटवायला मी हॅरॉल्ड वार्मसचं उदाहरण दिलं: आधी इंग्रजी साहित्य, मग वैद्यक, १९८९ साली नोबेल. बाबा म्हणाले, "त्याला नोबेल मिळालं, तुला आधी केमिस्ट्रीत ए मिळू दे."

मेजर कुठलाही घ्या, प्रयोगशाळेसह बायॉलॉजी, फिजिक्स, जनरल आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री चुकत नाही. बायोकेमिस्ट्रीही घ्यावीच लागली. इतिहासाच्या सेमिनारना लॅबच्या वेळा आडव्या यायच्या, त्यामुळे ऑर्गॅनिक तिसऱ्या वर्षापर्यंत लांबलं. सुट्टीत घरी आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर काळे-लाल गोळे आणि काड्या जोडून रेणू बनवत बसायचे. आजीने विचारलं, हे दोन सारखेच तर आहेत, मग वेगळे कसे? मी आरशाचं काहीतरी सांगायला लागले. तिने दारातल्या चपलांकडे बोट दाखवलं: "म्हणजे डावी-उजवी." प्राध्यापकांना पूर्ण तास लागला होता!

एमकॅटच्या (मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा) चार भागांपैकी एकात नुसते उतारे असतात, बाहेरचं ज्ञान चालत नाही. तिथे इतिहासाने तारलं. फिजिक्सने नाही.

गप्प वाचक
बायोमेडिकल इंजिनीअरिंग. मेजर आवडला, पण त्यापायी सरासरी पडली. पुन्हा नाही घेणार.

लेकीचा बाबा
हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) बायॉलॉजीत ५ पैकी ५ मिळाले म्हणून लेकीने पहिल्या वर्षाचं बायॉलॉजी गाळलं. पैसे वाचले म्हणून मीच खूश. पुढे तिच्या यादीतल्या काही मेडिकल स्कूल्सच्या अटी वाचल्या, तर एपीचं क्रेडिट त्यांना चालत नाही, वरच्या पातळीचे कोर्स करून दाखवा म्हणतात. तिने जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजी घेऊन भरपाई केली. आवडलं तिला, पण शेवटच्या वर्षात जीव मेटाकुटीला आला.

ठाणेकर
मी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आलो. बायॉलॉजी मेजर, सगळे कोर्स ठरल्याप्रमाणे. तिसऱ्या वर्षी कळलं की बहुतेक मेडिकल स्कूल्स परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत, आणि घेणाऱ्यांपैकी काही जण फीची मोठी रक्कम आगाऊ मागतात. कॉलेजच्या सल्लागाराने दोन वर्षांत हे एकदाही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा. संख्याशास्त्राचे दोन कोर्स सहज म्हणून केले होते, तिसऱ्या वर्षी त्यातच दुसरा मेजर जोडला. आता हॉस्पिटलच्या डेटावर काम करतो. आईने गावी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

धागाकर्ती
लेकीचे बाबा, आमच्याकडेही एपी बायॉलॉजीत ५ आहेत आणि कालच ते क्रेडिट घ्यायचं ठरलं होतं. तुमच्या लेकीने जेनेटिक्स कितव्या सत्रात घेतलं?