देवी जा: परंपरेची नर्तकी, की हॉलिवूडने सजवलेली 'बाली'?

रेवाकाठ
परवा नृत्यावर गप्पा चालल्या होत्या. इंडोनेशियाचा विषय निघाला, मी देवी जाचं नाव घेतलं, तर एक जण पटकन म्हणाले, "ती कुठली परंपरेची? फिरत्या नाटकातली बाई, पुढे सिनेमात नाचली." वाक्य मनात सलत राहिलं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जन्म १९१४, इंडोनेशियातलं जावा बेट. पाळण्यातलं नाव मिस्रिया. पोर सारखी आजारी पडायची, म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे नाव बदलून सुतिजा केलं. आपल्याकडे मूल जगावं म्हणून धोंडू, दगडू ठेवायचे, तसंच काहीसं. 'जा' हे त्या सुतिजाचं शेपूट. आजोबा सितेर वाजवायचे, म्हणजे तारा हाताच्या अंगठ्यांनी छेडायचं एक छोटं वाद्य, आणि ही पोर त्यांच्याबरोबर गावोगाव गात-नाचत पैसे गोळा करायची. १९२६ साली सिदोआर्जोत पिएद्रो नावाच्या माणसाने 'दार्दानेला' ही नाटक मंडळी काढली होती. त्याने हिला पाहिलं आणि मंडळीत घेतलं. अक्षरओळखही नव्हती, ती तिथे झाली. वयात येते न येते तोच मालकाशी लग्न झालं, आणि बघता बघता मंडळीची मुख्य नटी झाली. मग आशियाचा दौरा झाला, त्यात हिंदुस्थानही होता. पुढे युरोप, आणि १९३९ला न्यूयॉर्क. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. नंतर शिकागो, हॉलिवूड, आणि १९८९ला लॉस एंजेलिसमध्ये मृत्यू.

माझं म्हणणं सरळ आहे. जी बाजारात, आजोबांच्या सितेरवर नाच शिकली, तिच्याइतकी परंपरेची कोण? राजवाड्यातलीच तेवढी परंपरा का?

सांपूरवाली
रेवाताई, कळकळ पोचली, पण मी दुसऱ्या बाजूची. जावातल्या सोलो या राजवाड्याच्या शहरात दोन वर्षं राहून थोडंफार शिकले आहे. पहिले कितीतरी महिने मी फक्त चालत होते. दरबारी नाचात वस्त्राचा सोगा दोन पावलांच्या मधून मागे लोळत असतो. वळताना तो टाचेने असा मागे सारायचा की पायात अडकता कामा नये, आणि मान हलता कामा नये. नजर चार पावलं पुढे जमिनीवर. माझ्या गुरू काही न बोलता नुसता सोगा पुन्हा जागेवर आणून ठेवायच्या, की समजायचं, पुन्हा पहिल्यापासून. 'बेडोयो केतावांग' हा तिथला दरबारी नाच तर नऊ जणी वर्षातून एकदाच, राज्यारोहणाच्या वर्धापनदिनी नाचतात. दीड तासाच्या आसपास चालतं ते.

आणि देवी जाच्या मंडळीचं परदेशातलं नाव काय, तर 'रॉयल बाली-जावा डान्स'. यातलं 'रॉयल' कुठून आलं? कुठल्या राजवाड्याने दिलं? बाली आणि जावा या दोन वेगळ्या परंपरा, तालाची धाव वेगळी, अंग वेगळं. त्या एका पाटीखाली घालून नाटकातल्या मध्यंतरासारख्या पाच-पाच मिनिटांत विकल्या. तिच्या हिमतीला माझा नमस्कार. परंपरेची नर्तकी मात्र मी म्हणणार नाही.

ग्रँटरोडकर
'फिरत्या नाटकातली बाई' या शब्दांवर मला बोलायचंय, कारण ते नाटक अर्धं आपल्याकडूनच गेलंय. १८५३ला ग्रँट रोडच्या नाटकगृहात पारशी मंडळींनी नाटकं सुरू केली. विष्णुदास भावे सांगलीहून आपला खेळ घेऊन मुंबईत आले तेही त्याच वर्षी. १८७०च्या दशकात या पारशी मंडळ्या मलायातल्या पेनांगला जाऊ लागल्या. त्यांचे पडदे, कपडे, गाण्याचा थाट बघून तिथे 'बांगसावान' हे मलय संगीत नाटक उभं राहिलं. १८९१ला जावातल्या सुराबायात 'कोमेदी स्तांबुल' ही नाटक मंडळी आली. त्याच वाटेवर पुढे 'दार्दानेला'. म्हणजे ज्याला आपण भेसळ म्हणतोय ती जावात देवी जाच्या जन्माआधीपासून मुरलेली होती.

सांपूरवालीताई, दरबाराचं म्हणाल तर जोगजाकार्ताच्या राजवाड्यानेच १९१८ला 'क्रिडो बेक्सो विरोमो' ही संस्था काढू दिली आणि दरबारी नाच भिंतीबाहेर शिकवायला लागले. परंपरा जागची हललेली होतीच.

सांपूरवाली
दादा, भिंतीबाहेर शिकवणं वेगळं, पाच मिनिटांत कापणं वेगळं. त्या संस्थेत सोगा सारायला शिकवत होते, वगळायला नव्हे.

तिसरी घंटा
मी सिनेमाच्या अंगाने रेवाताईंना विरोध करतो. 'पिक्चर ऑफ डोरियन ग्रे', १९४५. गोष्ट लंडनची. एका श्रीमंताच्या घरी पाहुण्यांसमोर बाली नाच होतो, तो हिचा. पाहुणे बघतात, कॅमेरा पाहुण्यांकडे बघतो. तिथे तिची किंमत सजावटीची आहे, गालिच्याइतकी. त्याआधी १९४२च्या 'मून अँड सिक्सपेन्स'मध्ये ताहितीची पार्श्वभूमी, तिथेही जावाचीच बाई! पुढे 'रोड टू बाली' आला १९५२ला, आणि तो हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारलेल्या बालीत. गंमत नव्हे, खेद वाटतो, कारण त्याच वर्षी बालीतल्या पेलियातान गावची खरी मंडळी आपला गामेलान, म्हणजे तिथला वाद्यमेळ, घेऊन अमेरिकेत आली होती, बारा वर्षांची मुलगी लेगाँग हा बालीचा नाच नाचत होती. खरं दारात असताना खोट्याची सवय लागलेली होती, आणि ती सवय लावण्यात देवी जाचाही हात आहे.

रेवाकाठ
दादा, हात कुणाचा ते बघू या. १९४२च्या मार्चमध्ये जावा जपानच्या ताब्यात गेलं. तिच्याबरोबर आलेले वादक-नर्तक परदेशात अडकलेले, घरून पत्र नाही. तिने शिकागोत 'सारोंग रूम' नावाचं ठिकाण काढून सगळ्यांचं पोट चालवलं, तेही १९४६ला जळालं. अशा बाईने ताहितीच्या देखाव्यात नाचायला नकार द्यायला हवा होता, हे मला म्हणवत नाही. भूमिका लिहिणारे कोण होते? कॅमेरा पाहुण्यांकडे कुणी वळवला?

आणि १९४७ला इंडोनेशियाचे पहिले पंतप्रधान सुतान स्याहरिर संयुक्त राष्ट्रसंघात नव्या इंडोनेशियाची बाजू मांडायला आले, तेव्हा त्यांनी हिची ओळख करून दिली ती इंडोनेशियाच्या संस्कृतीची दूत म्हणून. देशाला डच अजून मोकळं सोडत नव्हते. त्या दिवसांत अमेरिकेत इंडोनेशियाचं म्हणून दाखवायला जे होतं त्यात ती होती.

'रॉयल' खोटं होतं, सांपूरवालीताई. ते मी सोडून दिलं. जाहिरातीसाठी लावलेला शब्द.

सांपूरवाली
तेवढं मान्य केलंत, बरं वाटलं. पण मग 'परंपरेची' हा शब्दही जरा जपून वापरू या ना. 'रंगभूमीची थोर नर्तकी' म्हणा, मी पहिली टाळी वाजवीन.

फडकरीण
एवढा वेळ वाचत होते. माझी आजी फडात नाचायची. सिनेमात एकदाच गेली, मागच्या रांगेत, पाच जणींत तिसरी. तिला लावणीची 'परंपरा' म्हणायला लोकांनी फार वर्षं घेतली. तोवर शब्द एकच होता, या धाग्याच्या पहिल्या ओळींत जो आलाय तोच, 'बाई'. म्हणून सांपूरवालीताई, तुमचा सोगा मला समजतो, माझी आजीही पदराचा काठ बोटांत धरायची तो कसा, हे मला अजून जमत नाही. ते तिला कुठल्या संस्थेने शिकवलं नव्हतं. तिच्या आईने शिकवलं होतं, बैलगाडीत.