शाळेतलं समुपदेशन आणि आपलं घर: इंदूरकरांनो, अनुभव लिहा

परीक्षा जवळ आल्या की गुणांबद्दल सगळे विचारतात. पोरगं नीट झोपतंय का, हे कोणी विचारत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. आपल्या मुलांच्या शाळांमध्ये प्रत्यक्षात काय घडतंय? शाळेनं काय केलं आणि त्यानंतर घरात काय बदललं, दोन्ही लिहा. घर जागचं हललं नाही तर शाळेची मेहनत वाया जाते, असं माझं ठाम मत आहे. शाळेचं आणि मुलाचं नाव मात्र नको.

सुदामानगरची आई

मुलगी सातवीत. दर सोमवारी सकाळी पोटात दुखायचं. रविवारी पोहे-जिलबी व्यवस्थित खाल्लेली असायची. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. बालरोगतज्ज्ञच म्हणाले, शाळेत विचारून बघा. वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं होतं की सोमवारी पहिला तास इंग्रजीचा आणि त्यात उभं राहून वाचायला लागतं.

समुपदेशक मॅडम तिला "घाबरू नकोस" असं कधी म्हणाल्या नाहीत. बोटं दाखवायला सांगायच्या. आज भीती किती? पाच बोटं म्हणजे खूप. आधी फक्त मॅडमसमोर एक ओळ वाचायची, मग एका मैत्रिणीसमोर, मग वर्गात बाकावर बसल्या बसल्या. बोटं कमी झाली की पुढची पायरी. पोटदुखी खोटी नाही, भीतीनं पोट खरंच दुखतं, हे त्यांनी आम्हाला नीट समजावलं. पण घरी ठेवलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं आणि पुढच्या सोमवारी भीती आणखी वाढते.

अडचण घरात होती. सासूबाई म्हणायच्या, "लेकराला बरं नाही, कशाला पाठवतेस?" मॅडमनी त्यांनाही बोलावून घेतलं. एका शब्दानं दोष दिला नाही, उलट काम दिलं: सोमवारी नातीची वेणी तुम्ही घालायची आणि रिक्षापर्यंत सोडायला जायचं. आता आजीच विचारते, "किती बोटं गं आज?" दुखणं पूर्ण गेलेलं नाही. शाळा मात्र बुडत नाही.

भंवरकुआंला कोचिंग केलेला, आता कॉलेजात

माझी शाळा डमी, म्हणजे नाव तिथे आणि दिवसभर कोचिंगला. समुपदेशकाचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक टेस्टनंतर रँकची यादी लागायची. झोप उडाली, मरून जावं असं वाटायला लागलं, तेव्हा एका रात्री १४४१६ वर फोन केला. टेली मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, चोवीस तास. मराठीतही बोलता येतं. मी हिंदीत बोललो.

पलीकडच्या ताईंनी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतोय का? तोवर हे मला कोणीच विचारलं नव्हतं. हो म्हणालो आणि रडायलाच लागलो. खोलीवर सोबत कोण आहे, घरी कोणाला सांगता येईल, हे त्यांनी विचारून घेतलं आणि मी बाबांना फोन करायचं कबूल केलं. बाबा मिळेल त्या बसनं बऱ्हाणपूरहून आले. काही न बोलता माझ्याबरोबर खोलीवर राहिले, मग डॉक्टरांकडे घेऊन गेले. रँकबद्दल त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

सरकारी शाळेतली शिक्षिका

आमच्याकडे समुपदेशक नाही. २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं, त्यातली मी एक. शिकवणं सांभाळून जमेल तेवढं करते. दहावीत नापास झालेल्या एका मुलाच्या घरी निकालाच्या संध्याकाळीच गेले होते. वडिलांचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. तेव्हा राज्याच्या 'रुक जाना नहीं' योजनेत नापास मुलांना त्याच वर्षी पुन्हा परीक्षा देता यायची, हे सांगून तिथेच बसून फॉर्मची माहिती दिली. वर्ष वाया गेलं नाही हे कळल्यावर आईनं चहा टाकला.

एक पालक

आमचा अनुभव वाईट. मुलानं घरातल्या भांडणांबद्दल शाळेच्या समुपदेशकाला सांगितलं. ते स्टाफरूममध्ये पोचलं, तिथून व्हॅनवाल्या काकांपर्यंत. लेखी तक्रारीला उत्तर नाही. मुलगा आता कोणालाच काही सांगत नाही. प्रवेश घेतानाच विचारा: समुपदेशकाच्या नोंदी कोण वाचतं?

शाळेत समुपदेशक आहे, विजयनगर

वरचं वाचून फार वाईट वाटलं. हा विश्वासघातच आहे.

पहिल्या भेटीतच मी मुलांना सांगते: तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्याशी लैंगिक गैरवर्तन केलं असेल, तरच मला पुढे सांगावं लागेल. लैंगिक गैरवर्तनाच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. सांगायची वेळ आलीच, तर कोणाला आणि काय सांगणार, हे मुलाला आधी कळतं. आणि जीव देण्याबद्दल विचारलं तर ते मुलाच्या डोक्यात भरेल, ही भीती मनातून काढून टाका. विचारल्यानं मूल बोलतं व्हायला मदतच होते.

पालकांना बोलावलं की बहुतेक वेळा आई एकटी येते आणि घरी जाऊन सगळ्यांची बोलणी खाते. म्हणून हल्ली चिठ्ठीवर आई-बाबा दोघांची नावं लिहिते आणि वेळ संध्याकाळची देते, दुकान-ऑफिस आटोपल्यावरची. बाबा येऊ लागलेत.