नदीकाठच्या सोसायट्या, समोरची वस्ती आणि शाळा यांची मिळून एक फळी उभी करायची आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न – नदीकाठची रहिवासी, बोरिवली पूर्व

सर्वांना नमस्कार. राष्ट्रीय उद्यानातून उतरणारी आणि पुढे मनोरीच्या खाडीला मिळणारी दहिसर नदी आमच्या सोसायटीच्या कुंपणभिंतीला लागून वाहते. उद्यानाच्या हद्दीत पावसाळ्यानंतर तिच्या तळाचे गोटे दिसतात. आमच्या पुलापाशी तीच नदी काळी होऊन येते. गेले दोन हिवाळे आम्ही तीन सोसायट्यांनी मिळून रविवारी सकाळी काठ स्वच्छ करण्याचा उपक्रम केला. पहिल्या रविवारी साठ माणसे आली, चौथ्या रविवारी नऊ. मुळांत अडकलेल्या साड्या आणि गोण्या कोयत्याने कापून काढल्या, अठरा पोती कचरा पुलाच्या कोपऱ्यावर रचला. पण तो उचलायला गाडी कोण बोलावणार हे आम्ही आधी ठरवलेच नव्हते. आठ-दहा दिवसांत कुत्र्यांनी पोती फाडली आणि निम्मा कचरा पुन्हा पात्रात गेला. ते पाहून मला फार वाईट वाटले.

आता सात सोसायट्या, पलीकडच्या काठावरच्या वस्तीतले महिला मंडळ, एक शाळा, एका मंदिराचे विश्वस्त आणि शक्य झाल्यास दोन तबेलेवाले अशी सर्वांची कायमस्वरूपी भागीदारी उभी करावी असा विचार आहे. पहिली बैठक आमच्या सोसायटीच्या सभागृहात घेतली, तेव्हा वस्तीतून एकच ताई आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. एक कंपनी आर्थिक मदत करू इच्छिते, परंतु त्यांना नोंदणीकृत संस्था हवी आहे. तेव्हा आधी नोंदणी करावी की आधी काम? वस्तीला बरोबरीने सोबत कसे घ्यावे? आणि महापालिकेशी नेमके कोणामार्फत बोलावे? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – पोयसरकाठ, कांदिवली

आपला अनुभव वाचताना आमची पहिली दोन वर्षे आठवली. माझे स्पष्ट मत असे आहे की नाव, बोधचिन्ह आणि छापील पत्र यांच्या मागे सध्या लागू नये. आधी दोन्ही काठांची माणसे सोबत घेऊन आपल्या वाट्याचे अर्धा-एक किलोमीटर पात्र पायी चालावे आणि वहीत फक्त नोंदी कराव्यात: कोणता पाइप कोठून येतो, त्यातून काय वाहते, कचऱ्याचा ढीग कोणत्या जागी पडतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पडतो.

आमच्याकडे वस्तीच्या मागे एक मोठा ढीग होता आणि तेथे आम्ही तीन वेळा ‘येथे कचरा टाकू नये’ असा फलक लावला होता. त्या फेरीत वस्तीतल्या एका आजींनी सांगितले की घंटागाडी नऊच्या सुमारास येते, आणि घरकामाला जाणाऱ्या बायका सहालाच बाहेर पडतात. शिवाय गल्ली इतकी अरुंद की गाडी आत शिरत नाही. कचरा घरात ठेवावा तर दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर ठेवणार कोठे? पालिकेच्या सफाई चौकीवरच्या मुकादमांशी बोलून पहाटे हातगाडी फिरवण्याची सोय केली, ती ओढणाऱ्या दोघींच्या मेहनतान्यात सोसायट्यांनी वाटा उचलला आणि दोन महिन्यांत तो ढीग जवळजवळ संपला. फलक मात्र तीन वर्षे तेथेच होता आणि त्याने काहीही झाले नव्हते.

त्याच फेरीत दुसरी गोष्ट समोर आली. थेट सांडपाणी सोडणारे जे पाइप आम्ही मोजले, त्यांतले तीन वस्तीचे नव्हते, इमारतींचे होते, आणि त्यातला एक आमच्याच इमारतीचा. तोवर आम्ही बैठकांत वस्तीला स्वच्छतेबद्दल सांगत होतो. आधी आमच्या इमारतीची जोडणी दुरुस्त करून घेतली, त्याचा खर्च सर्वसाधारण सभेत मंजूर केला, आणि त्यानंतरच पलीकडच्या काठाने आमच्याशी मनमोकळे बोलणे सुरू केले. आपणही पहिली दुरुस्ती स्वतःच्या बाजूला करावी.

लिखापढी हवीच, पण एका पानाची. प्रत्येक सोसायटीच्या व्यवस्थापकीय समितीने ठराव करून दोन प्रतिनिधींची नावे द्यावीत. केवळ अध्यक्षांच्या तोंडी शब्दावर राहिलात तर समिती बदलली की नवे पदाधिकारी ‘आम्हाला याची कल्पना नाही’ म्हणतात. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. वर्षभराच्या खर्चाचा विषय त्याच सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठेवून घ्यावा. ज्यांच्याकडे शिक्का नाही, अशा महिला मंडळाची आणि तबेलेवाल्यांची सही त्याच पानावर, त्याच ओळीत असावी.

वर्सोव्याच्या किनाऱ्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्यासोबत तेथला कचरा उचलण्याचे काम सुरू केले आणि 2018 मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आठवड्यामागून आठवडे न चुकता किनाऱ्यावर येणे. साठ माणसे एकदा येण्यापेक्षा बारा माणसे दर रविवारी येणे नदीला अधिक उपयोगी पडते.

उत्तर – निवृत्त पालिका कर्मचारी

मी अनेक वर्षे विभाग कार्यालयात काम केले आहे, त्यामुळे पोत्यांबद्दल आधी लिहितो. एकाच नदीचे काम पालिकेत निरनिराळ्या खात्यांकडे वाटलेले असते. पात्र आणि गाळ पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, कचरा घनकचरा व्यवस्थापनाकडे, सांडपाणी मलनिस्सारणाकडे, काठावरची झाडे उद्यान खात्याकडे. आणि डोंगराकडचा भाग तर वनविभागाचा. ‘नदी स्वच्छ करा’ असे एकच पत्र दिले तर ते टेबलांवर फिरत राहते. प्रत्येक खात्याला त्याच्या कामापुरते वेगळे पत्र द्यावे, प्रत सहायक आयुक्तांना द्यावी आणि आवक क्रमांक व तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी. स्वच्छतेच्या आदल्या गुरुवारपर्यंत चौकीवर गाडीची वेळ ठरलेली नसेल, तर त्या रविवारी कचरा काढूच नये.

पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत काढलेला गाळ पाणी निथळण्यासाठी काठावर ठेवला जातो. तो वेळेत उचलला गेला नाही आणि पहिली सर आली की पुन्हा पात्रात जातो. दोन्ही काठांवरच्या रहिवाशांनी मे महिन्यात ढिगांची तारखेसह छायाचित्रे काढून संबंधित अभियंत्यांना पाठवली तर फार फरक पडतो, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

रचनेबद्दल एक अडचण लक्षात घ्यावी. घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू झालेली प्रगत परिसर व्यवस्थापनाची, म्हणजे एएलएमची, रहिवाशांनी पालिकेसोबत आपला परिसर सांभाळण्याची पद्धत मुख्यतः इमारतींच्या रहिवाशांसाठी आहे, तर वस्त्यांची स्वच्छता पूर्वी दत्तक वस्ती योजनेतून आणि नंतर स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियानातून होत आली. म्हणजे कागदावर आपले दोन काठ दोन वेगवेगळ्या फायलींत आहेत. नदीला ही विभागणी कळत नाही. आपण एएलएम जरूर नोंदवावे, परंतु खरी बैठक त्याहून मोठी, दोन्ही काठांची ठेवावी आणि पालिकेकडे जाताना दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकत्र जावेत.

कळकळीची विनंती अशी, की मुलांना पात्रात उतरवू नका. त्यांना काठावरच्या नोंदी, नकाशा, निर्माल्य वेगळे करणे अशी कामे द्या. झाकलेल्या गटारात कोणीही, कितीही उत्साह असला तरी, उतरू नये. तेथील वायूने क्षणात जीव जातो आणि हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने असे काम माणसाकडून करून घेण्यास मनाई आहे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो, म्हणून गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातमोजे हवेतच. साचलेल्या पाण्यात कोणी चालले असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उत्तर – पलीकडच्या काठावरून

मी आपल्या वस्तीतली नाही, पण अशाच एका काठावर लहानाची मोठी झाले आहे, आणि दाराजवळ बसून गप्प निघून गेलेल्या त्या ताईंच्या वतीने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नदी आमच्याही घराला लागून आहे, किंबहुना आमच्या घरात येते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री माझ्या आईने आम्हा भावंडांना पोटमाळ्यावर बसवले होते आणि पिठाचा डबा डोक्यावर धरून ती स्वतः पाण्यात उभी होती. नदी वाहती राहावी याची गरज आमच्याइतकी कोणालाच नाही.

तरीही बैठकीत आम्ही बोलत नाही, कारण ‘नदी स्वच्छ करायची’ असे कोणी म्हटले की पुढचा शब्द ‘अतिक्रमण’ असेल अशी भीती असते. आपल्या त्या एका पानावर पहिलेच वाक्य असे लिहा की ही भागीदारी कोणाचेही घर हटवण्याची मागणी करणार नाही आणि तिने गोळा केलेली माहिती तशा कामासाठी देणार नाही. मग पाहा, किती जणी येतात.

बैठक आमच्या ओट्यावर घ्या, रात्री नऊनंतर, जेवणे आटोपल्यावर. रविवारी सकाळी आमचे नळाचे पाणी असते आणि अनेकींना त्या दिवशीही कामावर जावे लागते. शेवटचे म्हणजे आमच्या मुलांचे कचऱ्याजवळ उभे केलेले फोटो गटावर टाकू नका.

उत्तर – हिशेबनीस, मालाड

पैशांच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात लिहितो. सात व्यक्ती एकत्र आल्या की 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते, आणि आपल्या राज्यात तिची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. परंतु एवढ्याने कंपनीचा सामाजिक दायित्व निधी मिळत नाही. त्यासाठी 12ए आणि 80जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या, 1 एप्रिल 2021 पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेने सरकारकडे भरायचा सीएसआर-1 हा अर्ज, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून आज नोंदणी केली तरी हा निधी लगेच हाती येईल असे धरू नये. आपल्या यादीतले मंदिराचे विश्वस्त किंवा एखादी जुनी विश्वासू संस्था पात्र असेल, तर तिच्यामार्फत, स्वतंत्र बँक खाते ठेवून, एक छोटे काम करावे. दर महिन्याचा जमाखर्च मराठीत आणि हिंदीत लिहून दोन्ही काठांवर लावावा. हिशेब केवळ एका काठाच्या गटावर फिरला की दुसऱ्या काठाला शंका येते आणि ती रास्त असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळीच मी त्या ताईंच्या घरी जाऊन आले. पुढची बैठक त्यांच्या ओट्यावर, शनिवारी रात्री सव्वानऊला ठरली आहे, आणि घरे न हटवण्याचे वाक्य त्यांनी स्वतः सांगितले तसे मी लिहून घेतले. आमच्या इमारतीच्या पाइपांची पाहणी करण्यासाठी प्लंबरला बोलावले आहे. नोंदणीचा विषय वर्षभर बाजूला ठेवतो. एकच प्रश्न उरतो: तबेल्यांचे शेण थेट पात्रात धुतले जाते, त्यांच्याशी बोलणे कसे सुरू करावे?

उत्तर – पोयसरकाठ, कांदिवली

दुपारची धार काढून झाल्यावर जावे, त्याआधी त्यांना उसंत नसते. तक्रार घेऊन जाऊ नये; पावसाळ्यात शेण सुकत नाही तेव्हा ते कोठे ठेवतात आणि रोज किती टोपल्या निघतात, एवढेच आधी विचारावे. आमच्याकडे रोपवाटिकावाले शेणखत घ्यायला तयार होते, पण नेण्याचे भाडे कोणालाच परवडत नव्हते. आपल्याकडेही पहिल्याच भेटीत टेम्पोच्या भाड्याचा विषय निघेल. म्हणून जाण्यापूर्वी सातही सोसायट्यांकडून दरमहा किती रक्कम देता येईल ते विचारून घ्यावे आणि तो आकडा सोबत घेऊनच जावे.