अटलांटा: ट्रॅपचा शो आणि हातात दीड दिवस

निशाचर: स्टेट फार्म अरीनात एका ट्रॅप (रॅप संगीताचाच एक प्रकार) रॅपरचा शो बघायला चाललोय. तोच तो प्रकार: धुरकट सिंथ, अर्धे गिळलेले शब्द आणि पोटात घुसणारा बास. एकटाच आहे, गाडी नाही. तिकीट फ्लोअरचं (स्टेजसमोरच्या जागेचं) घेऊ की वरचं? उरलेल्या वेळात काय बघू?

खर्जातला: फ्लोअर नको. मी दोनदा हौस भागवून घेतली. दिसले ते पुढच्यांचे फोन, ऐकू आला तो गडगडाट. या संगीताचा जीव ८०८ नावाच्या ड्रम मशीनच्या बासमध्ये (मूळ यंत्र १९८० चं, रोलँड कंपनीचं). तो नीट ऐकायचा तर मिक्सिंग डेस्कच्या (शोचा आवाज जुळवतात त्या टेबलाच्या) सरळ मागे बसा. आणि इअरप्लग घाला, लाजू नका.

पायपीट: गाडी लागतच नाही हो. विमानतळावरून मार्टाची, म्हणजे इथल्या मेट्रोची ट्रेन, फाइव्ह पॉइंट्सला उतरून निळी किंवा हिरवी लाइन, पश्चिमेला एकच स्टेशन की अरीना. सकाळी ऑबर्न अव्हेन्यूवर एबेनेझर चर्च बघा, मार्टिन ल्युथर किंग तिथे पाद्री होते. मग बेल्टलाइन, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरची पायवाट, धरून पॉन्स सिटी मार्केट, दुकानं आणि खाण्यापिण्याची जागा. इमारत १९२६ ची, सीअर्स या दुकान कंपनीची. उन्हाळ्यात दुपारी मात्र चालू नका, घामाघूम व्हाल.

निशाचर: आणि ट्रॅप म्युझियम?

खर्जातला: जा की! रॅपर टी. आय.नं २०१८ मध्ये सुरू केलं. ‘ट्रॅप’ म्हणजे मुळात ड्रग्ज विकायचं घर, हे तिथे अंगावर येतं. शोच्या आधी जा, नंतर नाही.

निशाचर: वरचं तिकीट काढलं.