मेटफॉर्मिन म्हातारपणावर तपासायला पैसे घालावेत का?

कट्टेकरी: शुगर असलेल्या घरात मेटफॉर्मिनची गोळी असतेच. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनचे नीर बार्झिलाय कधीचे म्हणतायत, शुगर नसलेल्या ६५ ते ७९ वयाच्या ३ हजारांवर लोकांना ती देऊन सहा वर्षं बघू, हार्ट, कॅन्सर, डिमेन्शिया हे सगळंच लांबणीवर पडतं का. टेम ट्रायल म्हणतात त्याला. २०१५ पासून चर्चाय आणि पूर्ण पैसे काही उभे राहीनात, कारण पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीत कंपनीला काय मिळणार? मग सरकारी पैशावर विद्यापीठांनीच करायला हवं हे, माझं ठाम मत.

निशिगंध: अजिबात पटलं नाही. मेटफॉर्मिनवाले डायबेटिक शुगर नसलेल्यांपेक्षा जास्त जगले असं कार्डिफ विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ ला सांगितलं आणि तिथून हवा झाली. २०२२ ला डेन्मार्कच्या रुग्णांच्या नोंदींत तसं दिसलंच नाही. २०१६ ला उंदरांवरही नुसत्या मेटफॉर्मिनने आयुष्य नीट वाढलं नाही. आणि २०१९ चं वाचलंत का, पासष्टीपुढच्या लोकांकडून वजनं उचलून घेतली तर गोळीवाल्यांचे स्नायू कमी वाढले! म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडतं तिथं स्नायूच तर लागतात.

कट्टेकरी: अहो म्हणूनच ट्रायल पायजे. किडनी फार खराब असली की डॉक्टर ही गोळी देतच नाहीत, म्हणजे गोळीवाले आधीच जरा बरे असतात, मग नुसत्या नोंदी चाळून कसं कळणार? निम्म्यांना खरी, निम्म्यांना खोटी, कुणाला कुठली ते डॉक्टरलाही माहीत नको.

आत्या_रत्नागिरी: मी कट्टेकरींच्या बाजूने. सासूबाई ८१ च्या. हार्टचा डॉक्टर वेगळा, गुडघ्याचा वेगळा, प्रत्येकाची फाईल वेगळी, बीपीच्या गोळीने चक्कर येते ते ऑर्थोला सांगितलं तर म्हणतो हार्टवाल्याला विचारा. सगळ्याच्या मुळाशी वय आहे तर वयावर संशोधन नको? जास्त जगवू नका, पण शेवटची वर्षं स्वतःच्या पायाने बाथरूमपर्यंत जाता आलं पाहिजे.

निशिगंध: आत्या, वयावर संशोधन नको असं म्हटलंच नाही मी. उंदरांवर मेटफॉर्मिन तपासलं त्याच प्रोग्रॅममध्ये रॅपामायसिन या दुसऱ्या औषधाने २००९ लाच आयुष्य वाढलेलं दिसलंय, मिशिगन विद्यापीठासह तीन ठिकाणी एकदमच, तेही ६०० दिवसांच्या म्हाताऱ्या उंदरांना सुरू करून. प्रतिकारशक्ती दाबतं ते, मान्य, पण मग कमी डोसवर काम करा ना. पैसा तिकडे लावा.