उत्तर: स्पिलव्हिलची चेक शाळा आणि भाषा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या चेक लोकांच्या 'तिसऱ्या पिढीने आपणहून चेक भाषा सोडून दिली' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिलसारख्या चेक वस्तीच्या गावात चेक मागे पडली त्यात कायद्याचाही हात होता. २३ मे १९१८ रोजी आयोवाचा गव्हर्नर विल्यम हार्डिंगने, पहिलं महायुद्ध चालू असताना, फर्मान काढलं: सरकारी, खासगी, चर्चच्या, सगळ्या शाळांत शिकवायचं ते इंग्रजीतच. शिवाय सार्वजनिक जागी, रेल्वेत आणि टेलिफोनवरही इंग्रजीच. रोख जर्मनवर होता, पण चेक लोकांनाही सूट नव्हती. तेही चेक मंडळी दोस्तराष्ट्रांच्या बाजूने उभी असताना! युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये आयोवाने आठवीपर्यंत परकी भाषा शिकवण्यावर रीतसर कायद्यानेच बंदी घातली. लहानपणी वाचायला-लिहायला न शिकलेली भाषा पुढे घरात बोलण्यापुरतीच उरते, नुकसान झालं ते इथे. जून १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नेब्रास्का राज्याचा तसला कायदा 'मायर' खटल्यात रद्द केला, आयोवाचाही त्याच दिवशी. पण मधली चार-पाच वर्षं गेली ती गेलीच.

आणि स्पिलव्हिलच्या चेक शाळेचे शिक्षक म्हणजे फक्त बाराखडी गिरवून घेणारे नव्हेत. १८९३ च्या उन्हाळ्यात चेक संगीतकार द्वोर्झाक तिथे राहिला तो शिक्षक यान कोवार्झीक यांच्या मुलामुळे, जो न्यूयॉर्कमध्ये त्याचा सहायक होता. 'अमेरिकन' नावाचं त्याचं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) तिथेच लिहून झालं आणि पहिल्यांदा घरगुती वाजवलं तेव्हा पहिलं व्हायोलिन द्वोर्झाककडे, बाकी तिन्ही वाद्यं कोवार्झीक बाप-लेक-लेकीकडे.