शाम्पूतलं सिलिकॉन: केसांना बरं की वाईट? गोंयकारांनो, अनुभव लिहा

कुळागर (फोंडा)

मिरग लागला की आमच्याकडे पायपुसणी वाळत नाहीत आणि बायका केसांवर बोलायला लागतात. पुरुषही बोलतात, पण हळू आवाजात. सकाळी नीट विंचरलेलं डोकं बसस्टँडवर पोचेपर्यंत पिंजारतं आणि सल्ले सुरू होतात. एक मैत्रीण सांगते, "सिलिकॉनवाला शाम्पू सोड, केस गुदमरतात." दुसरी म्हणते, "सिलिकॉन सोडलंस म्हणूनच तुझी ही दशा." दोघीही ठाम, आणि दोघींचे केस माझ्यापेक्षा बरे! म्हणून हा धागा.

बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल, अमोडायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन यांपैकी काही दिसलं तर सिलिकॉन आहे. सिरम घेत असाल तर बहुतेक असतंच.

माझं मत आधीच सांगते. केस गुदमरतात हे मला पटत नाही. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो श्वास घेत नाही, त्याला जेवूही घालता येत नाही. 'पोषण' जाहिरातवाल्यांचं. पण मग चकाकी येते कुठून, आणि काहींचे केस मेणचट का होतात, ते तुम्ही लिहा. लिहिताना केस कसे आहेत, तेल लावता का आणि पाणी कुठलं (ओपाचं, अस्नोड्याचं, साळावलीचं, विहिरीचं की टँकरचं) हेही सांगा. नुसतं "मला सूट झालं" लिहून पळू नका. वाईट अनुभव असेल तर कंपनीचं नाव नको, उगाच भांडणं होतात.

शुक्रवारचा बाजार (म्हापसा)

माझे केस कुरळे नाहीत, सरळही नाहीत; मधलेच, ज्यांना कोणी वाली नाही. अस्नोड्याचं पाणी, तेल फक्त रविवारी. सगळ्यांचं ऐकून मी ते 'कर्ली गर्ल' प्रकरण सुरू केलं, म्हणजे शाम्पूत सल्फेट (मळ काढणारं कडक फेसाळ द्रव्य) नाही आणि सिलिकॉनही नाही. हिवाळ्यात खरंच छान लाटा पडल्या. जुलै आला. स्कूटर, डोक्यावर हेल्मेट, त्यावर रेनकोटची टोपी. बँकेत पोचून हेल्मेट काढलं की वरचे केस टाळूला चिकटलेले आणि खालचे चहूबाजूंना उभे. काउंटरवर बसायचं असतं हो मला!

मग सिरम आणलं, पण शाम्पू तोच सौम्य, बिनसल्फेटचा ठेवला. महिनाभर मजेत गेला. नंतर न्हाताना वेगळंच दिसायला लागलं. तांब्याने पाणी ओतलं तरी टोकांकडचे केस भिजायचेच नाहीत. पाणी वरच्यावर ओघळून जायचं आणि आतली बट बोटांना कोरडी लागायची. वाळल्यावर तीच बट जड, दोरीसारखी लोंबायची. आता अधूनमधून साधा सल्फेटवाला शाम्पू वापरते, नेहमीचे सौम्य आणि सिरम चिमूटभर, तेही फक्त कानाखाली. पावसाळ्यात सिरम सोडणार नाही, कोणी काहीही म्हणो.

पिंपळकट्टा (मडगाव)

माझं पार्लर आहे. दोन्ही पक्षांची डोकी रोज हातात येतात, त्यामुळे मला कोणाची बाजू घ्यायची नाही.

एक, पार्लरमधून बाहेर पडताना केस चमकतात आणि "फाटे गेले" म्हणून बाई खूश होते. फाटे जात नाहीत, सिलिकॉनने तात्पुरते मिटतात. चार-पाच वेळा न्हालं की पुन्हा उघडतात. फाट्यांवर कात्री सोडून दुसरं औषध नाही, आणि हे सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं.

दुसरी गंमत नवरीची. लग्नाच्या आदल्या रात्री मुली कंडिशनर थापतात, वर सिरम. सकाळी माझ्यासमोर बसतात तेव्हा केस असे निसरडे की पिन लावली की सरकली. आंबाडा उभाच राहत नाही. त्यावर अबोलीचा वळेसर (गजरा) माळायचा तर मुहूर्तापर्यंत मानेवर आलाच समजा. म्हणून मी नवरी मुलींना बजावून ठेवते: आदल्या दिवशी नुसत्या शाम्पूने न्हा, बाकी काही लावू नका. जरा खरखरीत केसच पिनेला धरतात.

रंग लावायच्या आधी मात्र मी सगळ्यांचेच केस एकदा खोल साफ करणाऱ्या शाम्पूने धुते. वर थर असला तर रंग सगळीकडे सारखा बसत नाही.

झुआरीचा वारा (वास्को)

केस बोटभर. 'टू इन वन' (शाम्पू-कंडिशनर एकत्र), जो आंघोळीच्या साबणाशेजारी असेल तो. सिलिकॉन आहे की नाही, आज बघितलं: आहे. फरक शून्य. कोंडा होता, तो डॉक्टरने दिलेल्या केटोकोनॅझोलच्या शाम्पूने गेला. हिने वाचून दाखवलं म्हणून लिहिलं.

लाल माती (वेर्णे)

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनाच्या कामात आयुष्य गेलं. शाम्पू कधी बनवला नाही, पण इमल्शनशी रोजची गाठ. 'टू इन वन'चा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर लिहितो.

मळ काढणारा शाम्पू त्याच धुण्यात तेलकट पदार्थ केसावर ठेवतो कसा, हे कोडं अमेरिकेत १९८० च्या दशकात सुटलं आणि 'पर्ट प्लस' बाजारात आला. डायमेथिकोनचे बारीक थेंब शाम्पूत तरंगते ठेवलेले असतात. फेस असेपर्यंत ते केसाला फारसे धरत नाहीत. तुम्ही पाणी ओतता, शाम्पू पातळ होतो, आणि सोबत घातलेला धनभाराचा पॉलिमर साबणाशी मिळून गाळासारखा वेगळा होतो. जाता जाता तो थेंबांना घेऊन केसावर बसतो. हा पॉलिमर पुष्कळदा गवारीच्या बियांच्या डिंकापासून करतात. हो, आपली भाजीची गवार.

केसाचं बाहेरचं आवरण खवल्यांचं असतं. त्यावर निसर्गतःच एक पातळ स्निग्ध थर असतो. ऊन, ब्लीच, रंग, इस्त्री यांनी तो निघून जातो, मग खवले एकमेकांत अडकतात आणि कंगवा खेचावा लागतो. डायमेथिकोन त्या थराची जागा धरतो, घर्षण कमी करतो. पावसाळ्याआधी मातीच्या भिंतीला झावळ्या बांधतात ना, तेवढंच ते काम: भिंत भिजत नाही, पण पडलेलं खिंडार काही बुजत नाही.

सगळी सिलिकॉनं सारखी वागत नाहीत. अमोडायमेथिकोन खराब झालेल्या जागी जास्त चिकटतो, कारण तिथे ऋणभार अधिक असतो. आधीच बसलेल्या थरावर त्याचे थरावर थर फारसे चढत नाहीत. सायक्लोपेंटासिलोक्सेन उडून जातो. पेग-१२ डायमेथिकोन पाण्यात विरघळतो. साधा डायमेथिकोन पाण्याने निघत नाही, पण सोडियम लॉरेथ सल्फेटच्या शाम्पूने बराचसा निघतो. म्हापशाच्या ताईंना जड बटा का झाल्या, त्याचं उत्तर इथेच आहे: सिरम दणकट आणि शाम्पू अगदी सौम्य.

शुक्रवारचा बाजार

दादा, मग युरोपात बंदी आली म्हणतात ती कशाची? व्हॉट्सॲपवर दर महिन्याला येतं.

लाल माती

बंदी आहे, पण डायमेथिकोनवर नाही. डी४ आणि डी५ नावाची वर्तुळाकार सिलोक्सेनं आहेत. डी५ म्हणजेच वर लिहिलेला सायक्लोपेंटासिलोक्सेन. ३१ जानेवारी २०२० पासून युरोपीय संघात धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ती ०.१ टक्का किंवा जास्त चालत नाहीत. २०२४ मध्ये तो नियम वाढवून न धुता ठेवायच्या वस्तूंनाही लावला, त्यांना मुदत पुढची आहे. कारण केसांचं नाही, पाण्याचं. ही द्रव्यं निसर्गात लवकर मोडत नाहीत आणि जलचरांच्या अंगात साठतात. आपल्या न्हाणीचं पाणी शेवटी मांडवीत किंवा झुआरीतच जातं, तेव्हा हा मुद्दा खरा. पण तो "केस गळतात"च्या खात्यावर लिहू नका.

आणि एक. चतुर्थीला नेवऱ्या जास्त झाल्या की आपण जे गॅसवरचं पातळ औषध पितो, त्यावर 'सिमेथिकोन' लिहिलेलं असतं. तो म्हणजे डायमेथिकोन आणि थोडी सिलिका. पोटात चालतं ते केसावर विष कसं होईल?

कुळागर

पोटात चालतं म्हणून डोक्यावर चालतं हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो, दादा. नेवऱ्याही पोटात चालतात. बाकी सगळं एकदम मान्य.

दासवण (वाळपई)

सून टाइप करते, मी सांगते.

आमच्या परड्यात दासवण (जास्वंद) आहे, रिठ्याचं झाड आहे. शिकेकाई बाजारातून. नारळाचं तेल घरच्या नारळाचं, जरा कोमट करून. लोक मला बघून म्हणतात, माई, तुम्ही शाम्पूच्या विरुद्ध असणार. मी कोणाच्या विरुद्ध नाही. शिकेकाई डोळ्यांत गेली की अर्धा दिवस डोळे लाल, हे कोणी सांगत नाही. धुतल्यावर केसांची जी जटा होते, तेही नाही सांगत. ती सोडवायला आम्ही दासवणीची पानं वाटून तो बुळबुळीत रस लावायचो. मग कंगवा चालायचा.

आता नातीचे केस कंबरेपर्यंत. शाळेत दोन वेण्या घट्ट लागतात, गाडी सात वाजता दारात. रोज सकाळी ती रडायची, तिची आई ओरडायची, कंगव्यात केसांचा पुंजका. सुनेने ते कंडिशनर आणलं, टोकांना लावते. मी जवळ बसून बघते ना: कंगवा टोकापासून सुरू करते, मग मधून, मग मुळाकडून, आणि कुठे अडत नाही. पोर दूध पीत बसते, वेण्या होतात. त्यात सिलिकॉन असो नाहीतर आणखी काही असो. रोज पानं वाटायला कोणाला वेळ आहे? शनिवारी तेल मात्र मीच लावते, त्यात कोणाचं ऐकणार नाही.

कुळागर

माई, तुमच्या तेलाला शास्त्राचाही आधार आहे. २००३ मध्ये रेळे आणि मोहिले यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तुलना होती. केसांतून प्रथिनं निघून जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. सिलिकॉन वरच राहतं. म्हणजे शनिवारचं तेल आणि सुनेचं कंडिशनर, दोघांचं काम वेगळं. घरात भांडण नको.

मांडवीकाठ (पणजी)

सप्टेंबरात डेंग्यू झाला, डिसेंबरात केस मुठीने गळायला लागले. मधल्या काळात शाम्पू बदललेला, सिलिकॉनवाला. झालं! आई, मावशी, शेजारीण, सगळ्यांनी मिळून शाम्पूला फाशी दिली. बाटली कामवाल्या बाईंनी नेली. केस गळतच राहिले.

त्वचेच्या डॉक्टरांनी गळलेले केस कागदावर आणायला सांगितले. प्रत्येकाच्या एका टोकाला बारीक पांढरा गुंडा होता, डाळीच्या कण्याएवढाही नाही. म्हणजे केस मधेच तुटलेले नव्हते, मुळाशी विश्रांतीत जाऊन पडलेले होते. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि बहुधा आपोआप थांबतं. माझंही थांबलं, कपाळाशी आता बोटभर नवे केस उभे आहेत, ते बसवायला मी सिलिकॉनचंच सिरम लावते. एरवीही दिवसाला ५० ते १०० केस जाणं ठीकच असतं. ज्यांचे लांब असतात त्यांना तेवढेच जास्त दिसतात.

माटोळी (डिचोली)

विषयाला जरा फाटा फोडते. बहीण इंग्लंडात स्विंडनला असते. तिकडच्या शाळेत तिच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या, तर फार्मसीतून जे लोशन मिळालं त्यात होता ४ टक्के डायमेथिकोन! विषारी औषध नाहीच, नुसतं उवांना वेढून टाकतं. लोशन पुन्हा लावावं लागलं, मधे मधे फणी होतीच. इकडे मी बिनसिलिकॉनचा शाम्पू शोधत दुकानं पालथी घालत होते आणि ती फोनवर हसत होती.

खारं पाणी (मांद्रे)

सगळं वाचलं, पण पाण्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही, धागाकर्तीने विचारूनसुद्धा. आमची विहीर समुद्रापासून जवळ. एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं. शाम्पू कुठलाही घ्या, फेस येत नाही, केस तारेसारखे. बायको दर उन्हाळ्यात नवीन बाटली आणते, जूनमध्ये विहीर भरते, पाणी गोडं होतं, आणि त्या वेळी हातात जी बाटली असेल तिला श्रेय जातं. गेल्या वर्षी तो मान सिलिकॉन नसलेल्या महागड्या शाम्पूला मिळाला. त्याआधी सिलिकॉनवाल्याला.

मी उन्हाळ्यात शेवटचं पाणी नळाचं घेतो, एक बादली राखून ठेवलेलं. समुद्रावर पोहायला जायच्या आधी केस गोड्या पाण्याने भिजवून थोडं कंडिशनर चोपडतो. आधीच भिजलेला केस खारं पाणी कमी पितो. मित्र हसतात.

पिंपळकट्टा

हसू देत. किनाऱ्याकडची गिऱ्हाइकं मेमध्ये आली की मी आधी पाणीच विचारते. दादा, पुढच्या उन्हाळ्यात वहिनींना सांगा, नवी बाटली घेण्याआधी घटकांत 'ईडीटीए' आहे का बघा. तो पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतो. मीठ त्याने जाणार नाही, त्याला तुमची नळाची बादलीच हवी. आणि बाटली एप्रिलमध्ये घेतलीत तर निकाल जूनआधी लावा.